पाणी कुणाच्या हातात

ऑगस्टमधल्या एका दिवशी एक माणूस नाहीसा झाला. जपानी लेखक कोबो आबे यांची १९६२ मधली 'सुना नो ओन्ना' ही कादंबरी अशी सुरू होते. 'द वुमन इन द ड्यून्स' या नावाने ती जगभर पोचली. पहिल्याच छोट्या प्रकरणात आबे सगळं सांगून मोकळे होतात. सुट्टी काढून, आगगाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावरच्या समुद्रकिनारी निघालेला हा माणूस परत आला नाही. शोधाशोध झाली, बाई असेल, आत्महत्या असेल असे तर्क लढवून झाले. सात वर्षं उलटली आणि जपानच्या नागरी कायद्याच्या कलम ३० प्रमाणे तो मेला असं ठरलं. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यातही हीच सात वर्षांची मुदत होती. घर सोडून गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायकांना ती कुणी शिकवावी लागत नाही.

तर, तो परत येईल का, ही उत्सुकता लेखकाने पहिल्या दोन पानांतच काढून घेतली. पुढची सगळी कादंबरी आपण दुसऱ्याच प्रश्नासाठी वाचतो: तो परत का आला नाही? मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर दुष्काळी भागातल्या माणसाला इतरांपेक्षा लवकर कळतं. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

माणूस एकतीस वर्षांचा, शाळेत शिक्षक. त्याचं नाव निकी जुम्पेई, पण कादंबरीभर तो बहुतेक 'तो माणूस'च असतो. त्याला किडे गोळा करण्याचा नाद आहे. वाळूत राहणाऱ्या टायगर बीटलची एखादी नवी जात सापडली, तर कीटकांच्या ग्रंथात आपलं नाव कायमचं छापलं जाईल, एवढीच त्याची आस. किनाऱ्यावरच्या गावात संध्याकाळ होते, शेवटची बस चुकते. गावकरी अगत्याने रात्रीची सोय लावून देतात. घर एका खोल खड्ड्याच्या तळाशी आहे, चारी बाजूंना वाळूच्या उभ्या भिंती, उतरायला दोराची शिडी. घरात तिशीची एक विधवा राहते. नवरा आणि मुलगी आदल्या वर्षीच्या वादळात वाळूखाली गेलेली. ती त्याला जेवू घालते आणि मग रात्री फावडं घेऊन वाळू उपसायला लागते. सकाळी त्याला जाग येते तेव्हा शिडी नसते.

आबे वाळूचं वर्णन करतात तेव्हा त्यांच्यातला वैद्यकीचा विद्यार्थी जागा होतो. वाळूच्या कणाचा सरासरी व्यास एक अष्टमांश मिलिमीटर. वाळू कशी वाहते, कशी साचते, तिच्यात काहीच का तगत नाही, हे सगळं ते कोशातल्या नोंदीसारखं मांडतात आणि मग ती सगळी माहिती माणसाच्या अंगावर ओततात. जेवताना ताटावर छत्री धरावी लागते, कारण छपरातून सतत वाळू झिरपते. झोपताना कपडे घातले तर घाम आणि वाळूने कातडीवर पुरळ उठतं, म्हणून बाई तोंडावर फडकं टाकून उघडीच झोपते आणि सकाळी तिच्या सगळ्या अंगावर वाळूचा पातळ थर बसलेला असतो. वाळू कोरडी असते अशी त्या शिक्षकाची पक्की समजूत. बाई म्हणते, वाळूने लाकूड कुजतं. तो हसण्यावारी नेतो. पुढे घराची तुळईच साक्ष देते. ही छोटीशी देवघेव मला फार महत्त्वाची वाटते. त्याच्याकडे वाळूचं शास्त्र आहे आणि तिच्याकडे वाळूतला संसार आहे. वाळूत ओल असते हे आधी तिला ठाऊक होतं.

रोज रात्री वाळू उपसायची, रॉकेलच्या डब्यांत भरायची, वरून गावकरी दोराने ती ओढून घेतात. एक रात्र हात थांबला तर घर गाडलं जाईल, आणि हे घर गेलं तर वाळू मागच्या घरावर चालून येईल. म्हणून गावाला खड्ड्याच्या तळाशी माणसं हवीत. एकट्या बाईच्याने हे काम होत नाही, असं ती त्याला सांगते तेव्हा त्या सांगण्यात अपराधीपणा फारच थोडा असतो.

माणूस संप करतो. बाईला बांधून घालतो, तोंडात बोळा कोंबतो, गावाला धमक्या देतो. इथे कोणत्याही दुसऱ्या लेखकाने चाबूक तरी आणला असता. आबे आणत नाहीत. गाव उत्तरच देत नाही. वरून पाणी खाली येणं बंद होतं, बस्स. माठ रिकामा होतो. जीभ टाळ्याला चिकटते. तो बाईला सोडतो, आरडाओरडा करतो, विनवण्या करतो आणि शेवटी फावडं उचलतो. पाणी येतं. शिडी काढून घेणं ही फक्त सुरुवात होती. त्याला खरोखर कैदी केलं ते पाण्याने. त्याचं पाणी दुसऱ्याच्या हातात होतं.

माझी आजी माणदेशातली. तिच्याकडून ऐकलेली आणि लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडी पाहिलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. माणगंगेचं पात्र उन्हाळ्यात नुसती वाळू. बायका त्या वाळूत झिरा खोदायच्या. गुडघ्याएवढा, कधी कमरेएवढा खड्डा. खोदताना कडेची वाळू पुन्हा आत घसरायची, ती उपसायची, पुन्हा घसरायची. मग तळाशी वाळूचा रंग गडद व्हायचा. पहिलं पाणी गढूळ यायचं, ते वाटीने काढून टाकायचं. मग थांबायचं. हातात वाटी घेऊन, उकिडवं बसून, पाण्याकडे नजर लावून नुसतं थांबायचं. वाटीभर पाणी झिरपलं की हंड्यात. पुन्हा थांबायचं. एक हंडा भरायला किती वेळ लागायचा याची मोजदाद तिने कधी केली नाही, पण वर नंबर लावून बसलेल्या बायकांत कुणाशी भांडण झालं, कुणाशी मैत्री झाली, हे ती नावानिशी सांगायची. १९७२ च्या दुष्काळात तो झिराही आटला. मग टँकर आणि दुष्काळी कामं. खडी फोडायची, मातीच्या पाट्या वाहायच्या, आणि टँकर कुठल्या दिवशी, कुठल्या वस्तीवर येणार, हे ठरवणाऱ्यांची तोंडं बघायची. पाणी हातातून गेलं की माणसाची मान किती खाली जाते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुठल्या पुस्तकात वाचायची तिला गरजही नव्हती.

पुढे घरात नळ आला. घरातली शिकलेली पोरं तिला म्हणायची, आजी, जरा बाहेर पड, फिरून ये, पाय मोकळे कर. ती कधीच गेली नाही. "लई चालले," एवढंच म्हणायची.

कादंबरीतली बाई जवळजवळ हेच म्हणते. माणूस तिला खोदून खोदून विचारतो: इथे या भोकात आयुष्य काढायचं? बाहेर जावं, मनाला येईल तिकडे हिंडावं, असं वाटत नाही तुला? आणि ती सांगते की इथे येईपर्यंत ती पुष्कळ चालली आहे. लेकराला घेऊन, कितीतरी काळ. चालून चालून जीव थकून गेला. माणूस गप्प होतो. त्याला आठवतं की दहा-पंधरा वर्षांपूर्वी, सगळं बेचिराख झालेलं असताना, जो तो एकाच स्वातंत्र्याच्या मागे धावत होता: चालावं न लागण्याच्या.

माझ्या मते कादंबरीचा आस या जागी आहे. अस्तित्ववादी साहित्यावर बोलताना आपण निवड, मुक्ती, एकाकीपणा असे शब्द भराभर वापरतो. त्या शब्दांतला माणूस बहुधा मोकळा उभा असतो, पोट भरलेलं असतं आणि कुठे जाऊ हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो. आबेंनी त्याच्यासमोर अशी बाई बसवली जिला हाकललं गेलं होतं, जिच्यासाठी रस्ता म्हणजे निवड नव्हतीच. तिला एका जागी, आपल्या चुलीपाशी राहायला मिळणं हीच मोकळीक. ही बाई अडाणी आहे, मन मेलेली आहे, असं म्हणणारे वाचक मला भेटले आहेत. मला ते मान्य नाही. तिला रेडिओ हवा आहे, आरसा हवा आहे, आणि त्यासाठी ती मणी ओवून पै-पै साठवते आहे. मन मेलेल्या बाईला आरसा कशाला हवा असेल?

आबेंना हे कुठून कळलं, याचं उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. जन्म १९२४ चा, टोकियोचा, पण बालपण मांचुरियातल्या मुकदेन शहरात गेलं. आजचं चीनमधलं शेनयांग. वडील तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर. जपानने बळकावलेल्या त्या भूमीत आबे वाढले. टोकियोत वैद्यकी शिकत असताना, युद्ध हरणार हे दिसू लागल्यावर १९४४ च्या अखेरीस क्षयाचा खोटा दाखला मिळवून ते मुकदेनला परतले. युद्ध संपलं आणि ज्या राज्याच्या जोरावर तिथले जपानी राहत होते ते राज्यच उरलं नाही. त्या हिवाळ्यात टायफसने वडील गेले. १९४६ मध्ये आबे जपानला परतले. लाखो जपानी तेव्हा मांचुरियातून असेच चालत, गाड्यांत कोंबून, जहाजांत दाटीवाटीने परत येत होते. यातले कितीतरी जण चालून चालून मेले. पुढे १९५७ मध्ये आबेंनी एका तरुणाच्या मांचुरियातून घराकडे निघालेल्या पायपिटीवर पूर्ण कादंबरीच लिहिली. वाळूतली बाई नेमकी कुठून चालत आली, हे ते सांगत नाहीत. १९६२ च्या जपानी वाचकाला ते सांगायची गरज नव्हती.

आणखी एक. १९६२ हे जपानमध्ये देशाचं उत्पन्न दुप्पट करण्याच्या सरकारी योजनेचं, कारखान्यांचं, नव्या इमारतींचं वर्ष. त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाने आबेंना काढून टाकलं. पक्ष गेला, आपलं गाव म्हणावं अशी भूमी आधीच गेलेली. अशा माणसाने 'गावावर प्रेम करा' ही घोषणा त्या वाळूतल्या गावाच्या भिंतीवर लिहून ठेवली आहे. त्या घोषणेखाली माणसं पकडून आणली जातात.

गाव जगतं कशावर, हेही हळूहळू उघड होतं. उपसलेली वाळू चोरून बांधकामांना विकली जाते. समुद्राची खारी वाळू, निम्म्या दराने. शिक्षक हादरतो. अशा वाळूत कालवलेलं काँक्रीट टिकणार नाही, धरणं फुटतील, माणसं मरतील! बाईचा आवाज एकदम थंड होतो. दुसऱ्यांचं काय व्हायचं ते होवो, आपल्याला काय त्याचं, असं ती म्हणते. हा प्रसंग वाचताना मला दर वेळी पुस्तक खाली ठेवावं लागतं. आपल्या नद्यांतून रातोरात डंपर भरून गेलेली वाळू मला माहीत आहे. वाळू गेली की पात्रात पाणी धरून ठेवणारं काही उरत नाही, झिरे जातात, मग काठावरच्या विहिरीही. ज्यांनी वाळू नेली त्यांचा राग येतोच. पण कादंबरीतल्या या बाईचा मला राग धरता येत नाही. ज्या जगाने तिच्याकडे कधी वळून पाहिलं नाही, त्या जगाच्या इमारतींची काळजी तिने का करावी, याचं उत्तर त्या शिक्षकाकडे नाही. माझ्याकडेही नाही. तरी धरण फुटलं तर खालच्या अंगाला राहणारे पुन्हा तिच्यासारखेच लोक असतील, हे टोचत राहतं.

शिक्षक एकदा पळतो. दोर वळून, त्याला कात्री बांधून तो वर चढतो, रात्रीच्या अंधारात धावतो आणि गिळणाऱ्या वाळूत छातीपर्यंत रुततो. 'वाचवा' म्हणून ओरडतो ते त्याच गावकऱ्यांना. ते फावड्यांनी उकरून त्याला बाहेर काढतात आणि खड्ड्यात परत सोडतात. त्यानंतर तो कावळा पकडायचा सापळा रचतो. वाळूत एक पिंप पुरायचं, वर झाकण, आमिष म्हणून मासळी. कावळा सापडला की पायाला चिठ्ठी बांधून सोडायचा. सापळ्याला तो नाव देतो 'आशा'. कावळा काही सापडत नाही. पण एके दिवशी झाकण काढतो तर तळाशी पाणी. स्वच्छ, पिण्याजोगं पाणी.

वरची वाळू उन्हाने तापते, पृष्ठभागावरून वाफ होत राहते आणि केशाकर्षणाने खालची ओल वर खेचली जाते. संपूर्ण वाळवंटच एक पंप आहे, हे त्याच्या ध्यानात येतं. बाईने पहिल्या रात्री सांगितलेली वाळूतली ओल अखेर त्याच्या शास्त्रापर्यंत पोचली. आता तो रोज नोंदी ठेवू लागतो, हवामान, तापमान, पिंपाची खोली. हवामानाच्या बातम्यांसाठी त्यालाही रेडिओची ओढ लागते. ज्याला किड्याच्या नावामागे आपलं नाव चिकटवायचं होतं, तो आता नाव नसलेल्या गोष्टीत बुडून गेला आहे. आणि मुख्य म्हणजे, यापुढे गावाने पाणी तोडलं तरी त्याला काही होणार नाही. वर कुणी जाणत नाही, पण खड्ड्यातला माणूस त्या दिवसापासून कैदी राहिलेला नाही.

कादंबरीच्या आरंभी आबेंनी एक वाक्य ठेवलं आहे, त्याचा अर्थ असा: शिक्षा नसेल तर पळण्यात मौजही नाही. शेवटाशी येईपर्यंत ते वाक्य मला कळत नव्हतं असं नाही, पण ते अंगाला भिडलं ते पिंपाच्या त्या पाण्यापाशी. तहानेची भीती संपली तसा पळण्याचा कैफही उतरला. कुलूप आणि किल्ली दोन्ही एकदमच निकामी झाली.

मग येतो तो शेवट. मार्चच्या सुरुवातीला रेडिओ घरात येतो. छपरावर उंच एरियल लावतात. बाई अर्धा दिवस नुसती बटण इकडून तिकडे फिरवत बसते, आनंदाने तिच्या तोंडून उद्गार निघत राहतात. महिनाअखेर तिला दिवस राहतात. आणखी दोन महिन्यांनी एकाएकी रक्त जायला लागतं. गर्भ गर्भाशयाबाहेर राहिलेला. तिला गोधडीत गुंडाळून, दोराने बांधून वर खेचतात आणि तीनचाकी गाडीतून शहराच्या इस्पितळात नेतात. गडबडीत शिडी तशीच राहते. माणूस चढतो. समुद्र बघतो. मग खाली पाहताना त्याला दिसतं की पाण्याच्या सापळ्याचा एक भाग मोडला आहे. तो घाईने खाली उतरतो.

आपल्याकडे या शेवटावर बोलणं निघालं की कुणीतरी 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' म्हणतंच. तुकोबांचं समाधान आणि या माणसाचं खाली उतरणं यांत मला मोठं अंतर दिसतं. त्याने काहीच अनंतावर सोपवलेलं नाही. तो उतरतो ते मोडलेला भाग दुरुस्त करायला. कुणी ग्रीक पुराणातल्या सिसिफसचं नाव घेतं, तोच दगड पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलणाऱ्या त्याला सुखी मानायला सांगणाऱ्या फ्रेंच लेखक काम्यूचं. तेही पुरतं जुळत नाही. सिसिफसच्या दगडातून कधी पाणी निघालं नाही. कोरड्या नदीत वाटी घेऊन बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा, पाणी लागलेला खड्डा सोडून कुणी जातं का?

१९६४ मध्ये हिरोशी तेशिगाहारा यांनी यावर चित्रपट केला, पटकथा आबेंचीच, संगीत तोरू ताकेमित्सू यांचं. कान महोत्सवात त्याला ज्यूरींचं खास पारितोषिक मिळालं. क्योको किशिदाने केलेली बाई पाहावी. कॅमेरा तिच्या खांद्यावरच्या वाळूवर इतका जवळून थांबतो की कातडी कुठे संपते आणि टेकडी कुठे सुरू होते ते कळेनासं होतं. कादंबरीत बाईला नाव नाही. चित्रपटात निदान तिला चेहरा मिळाला.

नाव नसण्याबद्दल मी आबेंना पूर्ण माफ करू शकत नाही. पुस्तकाच्या अखेरीस दोन सरकारी कागद जोडले आहेत: बेपत्ता असल्याची नोटीस आणि कौटुंबिक न्यायालयाचा निकाल. निकी जुम्पेई, १८ ऑगस्ट १९५५ पासून सात वर्षं जिवंत की मृत हे समजलं नाही, म्हणून बेपत्ता घोषित. बाईचं काय झालं, ती इस्पितळातून परत आली का, हे एकाही कागदात नाही. तिला वर नेताना ती डोळे भरून माणसाकडे बघत होती. त्या बाईला पुन्हा चालावं लागू नये, एवढीच माझी या पुस्तकाकडून इच्छा होती.

खाली उतरलेला माणूस मात्र अधीर झाला आहे. या पाण्याबद्दल कुणाला तरी सांगावं म्हणून त्याचा जीव तुटतो. सांगायचं तर या गावच्या माणसांइतकी ऐकणारी माणसं दुसरीकडे कुठे मिळणार? आज नाही तर उद्या तो सांगून टाकेल. पळून जायचं कसं, याचा विचार त्यानंतरही करता येईल. ज्यांनी पाणी तोडून त्याला गुडघ्यावर आणलं त्यांनाच तो पाण्याची युक्ती देणार आहे, आणि तशी ती दिल्यावर ते गाव तिचं काय करेल, खड्ड्याखड्ड्यांत पिंपं पुरेल की त्या पिंपांवरही पहारा बसवेल, हे आबे सांगत नाहीत.